डॉ. रखमाबाई राऊत : एका दिवाणी दाव्याची गोष्ट



आठवीच्या वर्गात न्यायव्यवस्था शिकवायला घेतली की मी मुलांना आधी एकच प्रश्न विचारते. कोर्टात काय चालतं? उत्तरं ठरलेली असतात. चोराला शिक्षा होते, खुन्याला फाशी होते, साक्षीदार शपथ घेतो. सिनेमा आणि मालिका बघून मुलांच्या डोक्यात कोर्ट म्हणजे फौजदारी कोर्ट एवढंच बसलेलं असतं. शेताच्या बांधाचा वाद, घरभाड्याचा तंटा, भावाभावांतली वाटणी, नवरा-बायकोचं भांडण हेही कोर्टातच जातं, आणि तिथे कोणी गुन्हेगार नसतो, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

हा फरक व्याख्या पाठ करून समजत नाही. म्हणून मी मुलांना एक खरी गोष्ट सांगते. १८८४ साली मुंबईच्या हायकोर्टात एक दिवाणी दावा दाखल झाला. चार वर्षं चालला. त्यातली प्रतिवादी होती एक तरुण मुलगी, जी पुढे डॉक्टर झाली. तिचं नाव रखमाबाई. तिचं चरित्र आपल्याला थोडंफार माहीत असतं, पण आज ते तिच्या दाव्याच्या वाटेने पाहू या.

बालपण आणि लग्न

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडील जनार्दन पांडुरंग त्या अगदी लहान असतानाच वारले. आई जयंतीबाई ऐन तारुण्यात विधवा झाल्या. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन राऊत यांच्याशी पुनर्विवाह केला. त्यांच्या सुतार समाजात विधवेला पुन्हा लग्न करायला बंदी नव्हती. या लग्नाआधी जयंतीबाईंनी पहिल्या नवऱ्याकडून आलेली मालमत्ता लेकीच्या नावावर करून दिली. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे तो महत्त्वाचा ठरतो.

डॉ. सखाराम अर्जुन साधे गृहस्थ नव्हते. नावाजलेले डॉक्टर, वनस्पतींचे अभ्यासक, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणारे. १८८३ मध्ये मुंबईत निसर्ग अभ्यासाची जी प्रसिद्ध संस्था सुरू झाली, तिच्या संस्थापकांत ते होते. अशा घरात मुलगी वाढली. तरीही अकराव्या वर्षी तिचं लग्न लागलंच. त्या काळात एवढ्या शिकलेल्या घरालाही ते टाळता आलं नाही.

नवरा दादाजी भिकाजी, विशीच्या आसपासचा तरुण, सखाराम अर्जुन यांच्याच नात्यातला. घरची परिस्थिती बेताची. लग्न ठरताना बोलणं असं झालं होतं की दादाजींनी घरजावई म्हणून राहावं, शिकावं आणि चांगलं माणूस व्हावं. पण दादाजींचं शिक्षणात मन रमेना. काही काळाने ते आपल्या मामाकडे राहायला गेले. पुढे तब्येतही बिघडली.

इकडे मुलगी वयात आली. त्या वेळच्या रीतीप्रमाणे तिला सासरी पाठवायला हवं होतं. सखाराम अर्जुन डॉक्टर होते, लहान वयात मुलीवर संसार लादला की तिच्या शरीराचं काय होतं हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी तिला पाठवलं नाही. शाळा सुटली होती, पण घरी पुस्तकं येत होती. रखमाबाई स्वतःच्या हिमतीवर इंग्रजी शिकल्या, वाचू लागल्या, प्रार्थना समाजाच्या मंडळींत आणि आर्य महिला समाजात जाऊ लागल्या. जसजसं कळू लागलं तसतसा मनाचा निर्धार झाला, की या माणसाबरोबर आपण नांदायचं नाही.

दावा दाखल होतो

मार्च १८८४ मध्ये दादाजींनी वकिलामार्फत सखाराम अर्जुन यांना नोटीस पाठवली, माझ्या बायकोला माझ्याकडे पाठवा. नकार आल्यावर त्यांनी मुंबई हायकोर्टात दावा लावला.

इथे मुलं हटकून विचारतात, एकदम हायकोर्टात कसं काय? त्याचं उत्तर असं, की मुंबई शहरातले मोठे दिवाणी दावे त्या काळी हायकोर्टाच्या मूळ शाखेतच चालत. तिथे आधी एक न्यायाधीश ऐकत, आणि त्यांचा निकाल पटला नाही तर त्याच हायकोर्टात दोन न्यायाधीशांपुढे अपील जाई.

दाव्याचा विषय होता वैवाहिक हक्क परत मिळवण्याचा. नवरा-बायकोपैकी एकजण सबळ कारणाशिवाय वेगळा राहत असेल, तर त्याने परत येऊन नांदावं असा हुकूम कोर्टाने द्यावा, ही मागणी. गंमत बघा, दादाजींच्या बाजूचे लोक धर्माची आणि रूढीची भाषा बोलत होते, पण हा उपाय काही आपल्या धर्मशास्त्रातून आलेला नव्हता. तो इंग्लंडच्या चर्चच्या कोर्टांतून इथल्या कोर्टांत आला होता.

आता दिवाणी कामाचा पहिला धडा इथेच शिकवता येतो. रखमाबाईंवर कसलाही आरोप नव्हता. त्या आरोपी नव्हत्या, प्रतिवादी होत्या. दादाजी वादी. वादीने आपला हक्क मांडायचा, प्रतिवादीने आपली कैफियत द्यायची. कोर्टापुढे प्रश्न एवढाच, की हा हक्क कायद्यात बसतो का?

रखमाबाईंच्या कैफियतीत कारणं होती. दादाजींची प्रकृती, त्यांची गरिबी, त्यांचं वागणं. पण या सगळ्याच्या मुळाशी एक वेगळाच मुद्दा होता. लग्न झालं तेव्हा मी लहान होते, माझी संमती कोणी घेतलीच नव्हती, मग ते माझ्यावर बंधनकारक कसं? आज आपल्याला हे सरळ वाटतं. त्या दिवसांत कोर्टात असं म्हणणारी स्त्री म्हणजे आक्रीत होतं.

दादाजींची बाजूही वर्गात मांडावी, असं माझं मत आहे. त्यांच्या दृष्टीने लग्न रीतसर लागलेलं होतं. बायकोच्या माहेरची माणसं तिच्या मालमत्तेसाठी तिला अडवून धरतात, असा त्यांचा आरोप होता. आईने लेकीच्या नावावर केलेली मालमत्ता इथे आड आली. दिवाणी कोर्टात दोन्ही बाजू तोलून बघाव्या लागतात, हे मुलांना कळायला हवं.

पहिला निकाल

दावा सुनावणीला येण्याआधीच, एप्रिल १८८५ मध्ये डॉ. सखाराम अर्जुन वारले. पाठीवरचा सगळ्यात मोठा हात गेला. तरी रखमाबाई मागे हटल्या नाहीत. त्याच वर्षी त्यांनी एका इंग्रजी दैनिकात टोपणनावाने पत्रं लिहिली, बालविवाहाने मुलींचं शिक्षण आणि आयुष्य कसं खुंटतं हे त्यात मांडलं. पुढे ती कोणी लिहिली हे सर्वांना कळलं.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल दिला. दावा फेटाळला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं : हा उपाय आधी एकत्र राहून नंतर वेगळ्या झालेल्या जोडप्यासाठी आहे. जो संसार मुळात सुरूच झाला नाही तो कोर्टाच्या हुकमाने सुरू करायला लावणं, याला इंग्रजी कायद्यात आधार नाही आणि हिंदू कायद्यातही नाही. असहाय वयात लग्न झालेल्या तरुणीला तिच्या मनाविरुद्ध अशा माणसाच्या स्वाधीन करणं त्यांना क्रूरपणाचं वाटलं.

अपील आणि फिरलेला निकाल

या निकालाने देशभर गदारोळ उठला. बेहरामजी मलबारींसारखे सुधारक रखमाबाईंच्या बाजूने होते. दुसरीकडे लोकमान्य टिळकांच्या केसरीने आणि मराठा पत्राने निकालावर कडक टीका केली. परक्या सरकारच्या कोर्टाने आमच्या घरच्या रीतीत हात घालू नये, असा तो सूर होता. टिळकांबद्दल आपल्याला आदर आहेच. पण थोर माणसंही एखाद्या प्रश्नावर आपल्याला न पटणारी बाजू घेतात, हे मुलांपासून लपवू नये.

दादाजींनी अपील केलं. १८८६ मध्ये मुख्य न्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पिन्हींचा निकाल रद्द केला. लग्न कायदेशीर आहे ना, मग एकत्र राहिले होते की नव्हते याने फरक पडत नाही, असा त्यांचा विचार. प्रकरण पुन्हा सुनावणीसाठी खाली पाठवलं गेलं.

इथे थांबून मुलांना जरूर विचारा. माणसं तीच, लग्न तेच, पुरावा तोच. मग निकाल उलटा कसा? उत्तर असं, की प्रश्न बदलला. पिन्हींनी विचारलं, न सुरू झालेला संसार सक्तीने सुरू करता येतो का? अपिलात विचारलं गेलं, कायदेशीर लग्नाच्या बायकोला वेगळं राहण्याचा हक्क आहे का? आणि त्या मुलीने कधी हो म्हटलं होतं का, हा प्रश्न विचारायला त्या वेळच्या कायद्यात जागाच नव्हती. जो प्रश्न कायद्यात नाही, त्याचं उत्तर कोर्ट कुठून देणार? या चरित्रातून मला मुलांपर्यंत पोचवायची असलेली मुख्य गोष्ट हीच आहे.

४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला. रखमाबाईंनी एका महिन्यात दादाजींकडे नांदायला जावं. हा हुकूम मोडला तर त्या वेळच्या दिवाणी प्रक्रिया कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद होती, मालमत्तेवर जप्तीही आणता येत होती. म्हणजे गुन्हा नाही, आरोप नाही, तरी तुरुंग. आणि ज्या इंग्लंडमधून हा उपाय आला होता, तिथे असा हुकूम मोडल्याबद्दलची कैद १८८४ मध्येच बंद झाली होती, म्हणजे दावा लागला त्याच वर्षी. आपल्याकडे ती शिल्लक राहिली.

तुरुंग चालेल

बावीस वर्षांच्या रखमाबाईंपुढे आता दोनच वाटा दिसत होत्या. मनाविरुद्ध नांदायला जाणं किंवा पळून लपून बसणं. त्यांनी तिसरी निवडली. कोर्टाने द्यायची ती जास्तीत जास्त शिक्षा मी भोगीन, पण त्या घरी जाणार नाही, असं त्यांनी स्पष्ट कळवलं.

याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. कोर्टाला त्या जुमानत नव्हत्या असं नाही. दावा लढवला, कैफियत दिली, वकील दिले, निकालाविरुद्ध अपील केलं. कायद्याने सांगितलेली प्रत्येक पायरी त्या चढल्या. शेवटी कायदाच अन्यायाचा निघाला, तेव्हा त्याची किंमत स्वतःच्या अंगावर घ्यायला तयार झाल्या. हुकूम चुकवून सुटणं आणि हुकूम नाकारून शिक्षा पत्करणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या वाटेने सरकारलाच कोड्यात टाकलं. एका सुशिक्षित निरपराध तरुणीला, नवऱ्याकडे गेली नाही म्हणून तुरुंगात टाकायचं, आणि जगाने ते बघायचं? तिच्या मदतीसाठी समिती उभी राहिली, पैसे जमले, विलायतेतल्या वर्तमानपत्रांत चर्चा झाली.

हुकूम हातात पडला म्हणजे दिवाणी दावा संपला असं होत नाही. वादीला त्याची बजावणी करून घ्यावी लागते. आपल्याकडे गावोगावी माणसं म्हणतात ना, निकाल लागला पण दरखास्त अजून चालू आहे, तेच हे. शेवटी जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी खर्चापोटी २००० रुपये घेतले आणि हुकूम बजावण्याचा आग्रह सोडला. रखमाबाई तुरुंगात गेल्या नाहीत आणि सासरीही गेल्या नाहीत. पुढे दादाजींनी दुसरं लग्न केलं.

डॉक्टर रखमाबाई

मुंबईच्या कामा हॉस्पिटलमधल्या डॉ. एडिथ पीची यांनी रखमाबाईंना डॉक्टर होण्यासाठी प्रोत्साहन दिलं, मदत मिळवून दिली. १८८९ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. १८९४ मध्ये डॉक्टर होऊन परतल्या.

आपल्याकडे डॉ. आनंदीबाई जोशी यांचं नाव प्रत्येक मुलाला माहीत असतं आणि ते योग्यच आहे. पण आनंदीबाईंना आयुष्याने काम करू दिलं नाही, १८८७ च्या सुरुवातीलाच त्या गेल्या. त्याच सालच्या मार्चमध्ये रखमाबाईंविरुद्ध हुकूम झाला. पुढे परदेशातून शिकून येऊन वर्षानुवर्षं दवाखान्यात उभं राहून बायकांवर उपचार करणाऱ्या पहिल्या काही भारतीय स्त्री-डॉक्टरांत रखमाबाई होत्या. सुरतच्या स्त्रियांच्या दवाखान्यात त्यांनी वीसहून अधिक वर्षं काढली. नंतर राजकोटला गेल्या आणि तिथेही स्त्रियांच्या दवाखान्याचं काम पाहिलं. पुरुष डॉक्टरला हात दाखवायची सोय नसलेल्या किती बायका त्यांच्याकडे आल्या असतील! निवृत्तीनंतर त्या मुंबईत राहिल्या. पुन्हा लग्न केलं नाही.

कायदा हळूहळू बदलला

रखमाबाईंच्या दाव्याने पेटलेली चर्चा विझली नाही. १८९० मध्ये बंगालमध्ये फुलमणी नावाच्या कोवळ्या मुलीच्या मृत्यूचं प्रकरण गाजलं. या सगळ्याच्या रेट्याने १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलींचं संमतीचं वय दहावरून बारा झालं. बाराच! पण पाऊल पडलं. १९२३ मध्ये दिवाणी प्रक्रिया कायद्यात दुरुस्ती होऊन नांदायला न जाणाऱ्याला कैद करण्याची तरतूद गेली. रखमाबाईंना ज्याची धमकी मिळाली होती ती हीच. १९२९ मध्ये बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला, त्यात मुलीचं वय १४ ठरलं.

१८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायद्याला मंजुरी मिळाली आणि देशभरातल्या हिंदू स्त्रियांना घटस्फोटाचा कायदेशीर मार्ग मिळाला. त्यानंतर चारच महिन्यांनी, २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या नव्वदीत डॉ. रखमाबाई गेल्या. हा योगायोग वर्गात सांगताना माझा गळा दर वेळी थोडा दाटतो.

गोष्ट पूर्ण संपलेली नाही, हेही सांगायला हवं. नांदायला येण्याचा दावा त्या कायद्याच्या कलम ९ मध्ये आजही आहे. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो घटनेला धरून असल्याचं म्हटलं. कैद नाही, पण मालमत्तेची जप्ती होऊ शकते.

पालकांसाठी मात्र एक गोष्ट फार कामाची. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याप्रमाणे, अल्पवयात लग्न लावलेली मुलगी जिल्हा न्यायालयात अर्ज करून ते लग्न रद्द करून घेऊ शकते. सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत, म्हणजे वीस पूर्ण होण्याआधी अर्ज करावा लागतो. माझी संमती नव्हती, हे रखमाबाईंचं म्हणणं ऐकायला तेव्हा कायद्यात जागा नव्हती. आज आहे. स्त्रियांना आणि मुलांना विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. आणि बालविवाह ठरतोय असं कळलं तर १०९८ या क्रमांकावर कोणीही फोन करू शकतं.

वर्गात करून पाहा

१. मुलांचे तीन गट करा : वादी, प्रतिवादी आणि न्यायाधीश. न्यायाधीशांच्या गटाला एकदा १८८७ चा कायदा द्या, एकदा २००६ चा. निकाल का बदलला ते मुलांनाच सांगू द्या.

२. वादी, प्रतिवादी, कैफियत, हुकूम, अपील, बजावणी, तडजोड हे शब्द रखमाबाईंच्या दाव्याच्या क्रमाने फळ्यावर लिहा. पाठांतराची गरज पडत नाही.

३. घरातल्या मोठ्यांना विचारून, त्यांनी पाहिलेला एखादा दिवाणी वाद कसा मिटला ते मुलांना नावं न घेता लिहून आणायला सांगा.

गेल्या वर्षी तास संपता संपता मागच्या बाकावरच्या एका मुलीने मला विचारलं, बाई, मग रखमाबाई हरल्या की जिंकल्या? मी फळ्याकडे बघत राहिले. कागदावर बघाल तर हरल्या. शेवटचा हुकूम त्यांच्या विरुद्धच होता आणि वर २००० रुपये मोजावे लागले. मी तिला एवढंच म्हटलं, की त्या हरलेल्या दाव्यानंतर कायद्यात काय काय बदललं ते तू साल लावून लिही, आणि उत्तर तूच ठरव. दुसऱ्या दिवशी तिने वही आणून दाखवली. १८९१, १९२३, १९२९, १९५५, २००६. उत्तराची जागा तिने रिकामी ठेवली होती, आणि खाली स्वतःचं वय लिहिलं होतं. तेरा.